कुंभारणीचं गाडगं

नाते, ५ ऑगस्ट १९३४

आज ठकूबाईने चारशे वर्षांपूर्वीचा भुंगा केरसुणीने झोडपला!

झालं असं. आठवडाभराने जरा ऊन पडलं म्हणून छापखान्यातले माझे तीन कागद पेटीतून काढले आणि बुरशी धरू नये म्हणून ओटीवर पसरले. ठकूबाई, म्हणजे आमचं कुटुंब, केर काढायला आली. कागदावर शिंगवाला भुंगा बसलेला पाहून ‘मेल्या, हितं कुठं आलास’ म्हणत तिने दोन फटके हाणले. भुंगा हलेना. तिसरा हाणणार तोच मी ओरडलो, "अगो, चित्र हाय ते!" वाकून बघते तर भुंग्याच्या पायांखाली सावली, शिंगावर उजेडाचा ठिपका. तिचं तोंड उघडं ते उघडंच. मग म्हणाली, "आन एवढं शिकून त्या माणसानं किडं काढलं?"

कागदाच्या कोपऱ्याला चुणी पडली ती पडलीच, पण मी मनातून खूश. उभा जन्म गिरगावात लिथोच्या दगडावर देव काढले, काडेपेट्यांवरची हरणं नि वाघ काढले. एकालाही कोणी केरसुणी मारली नाही. याला म्हणतात पावती!

हे कागद प्रुफं आहेत. तिकडे विलायतेत, आपल्याकडे महाराजांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, कोणी एक चितारी किडे जिवंत समोर ठेवून त्यांची चित्रं काढायचा. चतुराच्या पंखाची शीर न् शीर, सुरवंटाचा केस न् केस. मुंबईतल्या एका शेटजींना ती पुन्हा छापायची होती. नक्कल दगडावर मी उतरवली, तीन प्रुफं निघाली आणि शेटजी वारले. पुस्तक बारगळलं. नोकरी सोडून इथे नाते गावी येताना मी ती मागून आणली. चिताऱ्याचं नाव कुठेच नाही, म्हणून मी त्याला बुढ्ढा म्हणतो.

बुढ्ढ्याने मला जन्मभर झोपू दिलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्याचं गिरवलं. आता नाते-पाचाडचे किडे समोर बसवून माझे स्वतःचे कागद काढणार. डोळे अजून शाबूत आहेत. या पंचक्रोशीत माझ्याइतकं बारीक कोणाला दिसत नाही, ही फुशारकी नव्हे, खरं तेच लिहितो.

१४ ऑगस्ट

घरात आनंदीआनंद. माजघराच्या चौकटीवर कुंभारीण माशीने घर करायला घेतलं!

काय ती तिची कंबर, दोऱ्याएवढी! ओल्या मातीची गोळी तोंडात धरून येते आणि सुपारीएवढं गाडगं वळते, वर मडक्यासारखा गळा काढते. ठकूबाईने पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवून चौकटीला नमस्कार केला. आमच्याकडे सगळे जाणतात, कुंभारीण ज्या घरात घर करते तिथे पाळणा हलतो. आणि तिचं घर फोडलं तर हलायला आलेला पाळणा थांबतो.

सून आमची तुळसा. मुलगा सयाजी मुंबईत माझ्याच जुन्या छापखान्यात चिकटलाय, ही इथे आमच्याजवळ. तिची दोन मुलं पोटातच गेली, दोन्ही खेपेस माहेरी, वरंधला. म्हणून या वेळी ठकूबाईने तिला माहेरी पाठवायचं नाव काढलं नाही. "आमच्या दारात होऊ दे," म्हणाली. पाचवा महिना लागलाय. दृष्ट लागेल म्हणून आजवर घरात कोणी बाळ हा शब्द उच्चारत नव्हतं. आज कुंभारणीने बोलून टाकलं.

"चौकटीला कुणी हात लावायचा नाय," ठकूबाईने जाहीर केलं. आणि माझ्याकडे बघून, "तुमी तर जवळ बी जायाचं नाय."

मी काय लहान पोर आहे?

२४ ऑगस्ट

तुळसा मला देवाने धाडलेली मदतनीस आहे. घरातल्या बायका सुरवंट पाहून किंचाळतात, ही पानासकट उचलून आणते. "मामंजी, ह्यो बघा, ह्याच्या पाठीवर डोळं हायेत," म्हणत पुढे करते. डहाळी धरून बसवलं की तासन्‌तास हात हलत नाही. मी तिच्या बोटांसकट चित्र काढतो, म्हणजे किडा केवढा ते बघणाऱ्याला कळावं. बुढ्ढ्याला हे सुचलं नव्हतं!

बुढ्ढ्याचा दुसरा कागद आज भिंगाखाली धरला. त्यातही कुंभारीण आहे. तिकडच्या जातीची, पण कंबर तीच, गाडगं तेच. गाडगं मात्र बंद. खाली त्यांच्या भाषेत एक ओळ आहे. आमच्या गोवेकर कंपॉझिटरने ती वाचून सांगितली होती, ही माशी चिखलातून उपजते म्हणे. हात्तिच्या! एवढा डोळस माणूस आणि गाडगं उघडून पाहिलं नाही? इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की कुंभारीण हिरवी अळी धरून आणते, गाडग्यात कोंडते आणि बाहेरून गुणगुणते. आत अळी भीतीने तिचंच ध्यान करते. ध्यान करता करता अळीला पंख फुटतात आणि तीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. गुरू शिष्याला असाच आपल्यासारखा करतो, हे कीर्तनात किती वेळा ऐकलंय.

आणि एकदम डोक्यात आलं, त्याने मी जागच्या जागी उडालो. ध्यान अर्ध्यावर असताना गाडगं उघडलं तर? अर्धी अळी, अर्धी कुंभारीण! हिरव्या अंगावर नुकते फुटलेले पंख! असं चित्र जगात कोणी काढलेलं नाही. बुढ्ढ्याने नाही, कोणीच नाही.

चौकटीला हात लावायचा नाही ते कबूल. रानात काय कमी घरं आहेत?

५ सप्टेंबर

रानात, गोठ्यात, देवळाच्या मागे, पार खडकाच्या कपारीत हिंडलो. सगळी गाडगी फुटकी नाहीतर रिकामी, आत नुसतं सालपट. पावसाने धुऊन नेलेली. शिवाय कोणतं कधी बंद झालं ते कळणार कसं? चौकटीवरची कुंभारीण एकामागून एक गाडगं जोडतेय, आणि तिथे मला प्रत्येकाचा दिवस माहीत आहे. बसल्या बसल्या दिसतं. हात शिवशिवतात.

१६ सप्टेंबर

गणपती येऊन गेले. सयाजी आला होता, तोही गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तुळसा चांगली गुटगुटीत झाली." ठकूबाई फुशारली, "माज्या हातचं खाते."

बुढ्ढ्याचे किडे निदान एका जागी बसत असतील, माझी माणसं बदलतात! डहाळी धरलेला हात अर्धा रंगवून ठेवला होता. आज पुन्हा बसवली तर बोटं निराळीच. मागे सांध्यांवर सुरकुत्या होत्या, आता गुळगुळीत. अंगठी रुतून बसलीय. मनगटावर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. सगळा हात खोडून नव्याने काढावा लागला. वैताग नुसता! कासार आला होता, त्याच्याही दोन बांगड्या फुटल्या, हात आत जाईना.

"मामंजी, डोकं लय चढलंय," तुळसा म्हणाली. "डोळ्यापुढं काजवं नाचतात."

"मग धर की एखादा," मी म्हटलं, "त्याचंही चित्र काढू." ती हसली आणि बसून राहिली. गुणी पोर.

२७ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

नवरात्र जवळ आलं म्हणून दोघी गोधड्या धुवायला नदीवर गेल्या होत्या. घरात मी एकटा. चौकटीवरचं सगळ्यात नवं गाडगं बंद होऊन थोडेच दिवस झाले होते, म्हणजे ध्यान अर्ध्यावर. मनाशी म्हटलं, एकच. बाकीची तशीच राहतील. टोपण सुरीने अलगद काढायचं, बघायचं, पुन्हा मातीने लिंपायचं. कोणाला कळणार आहे? माचावर चढलो, टोपण काढलं आणि भिंग लावलं.

अरे देवा! अरे देवा!

आत ध्यान नव्हतं. आत अळ्या होत्या. एक नव्हे, एकीवर एक रचून ठासलेल्या, हिरव्यागार, ताज्या. मेलेल्या म्हणाव्यात तर सुईने शिवल्यावर पाय जरासे थरथरले. जित्या होत्या, पण पळायची ताकदच काढून घेतलेली. आणि त्यांच्यावर एक पांढरा, गुबगुबीत, बिनपायांचा किडा बसलेला. त्याचं तोंड एका अळीच्या कुशीत खुपसलेलं होतं. तो तिला खात होता. ती जिवंत असताना! मी बघत असताना तिच्या अंगाला एक खळगा पडत गेला.

माचावरून कसा उतरलो कळलं नाही. ओटीवर येऊन तांब्याभर पाणी प्यालो. म्हणजे पंख फुटत नाहीत. अळी कुंभारीण होत नाही. कुंभारीण आपलं पोर आत ठेवते आणि त्याला खायला जितं भरून ठेवते, एवढंच. आजवर कीर्तनात बसून मी माना डोलावल्या, आणि बुवांनी डोळे मिटून सांगितलं. एकानेही गाडगं उघडलं नव्हतं!

मग मी काय केलं? पुन्हा चढलो आणि काढलं. पेन्सिल थांबली नाही. असं रेखाटन माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. टोपण मातीने लिंपून खाली उतरलो तेव्हा दोघी नदीवरून चढण चढत होत्या.

२८ सप्टेंबर

व्हायचं ते झालं. माती वाळली आणि टोपण खाली पडलं. मागोमाग सगळं गाडगं फुटून खाली आलं. ठकूबाईने पाहिलं आणि अशी ओरडली की शेजारची रंगूबाई सुईण भाजी चिरता चिरता विळी टाकून धावत आली.

तुळसा काल संध्याकाळी नवरात्राची जाळी-जळमटं काढत होती. ठकूबाईने तेच धरलं. "तुजाच झाडू लागला! तुला सांगितलं हुतं का नव्हतं? आता काय व्हायाचं उरलंय गो?" रंगूबाईने गालावर हात मारून घेतला.

मी ओटीवर होतो. आता बोलायचं, आता बोलायचं, असं घोकत होतो. एवढं चित्र नुकतं साधलंय, आता घरात रणकंदन झालं तर बाई सगळे कागद चुलीत घालील, ही भीती. खोटं कशाला लिहू?

तुळसाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांत अजून चौकटीची लाल माती होती. तिने ती पाहिली, हे मला दिसलं. मग मान खाली घातली आणि म्हणाली, "लागला असंल, आत्याबाय."

११ ऑक्टोबर

घट बसले. फुटल्या गाडग्याचं प्रायश्चित्त म्हणून ठकूबाईने तुळसाला नऊ दिवसांचा उपास लावलाय. दूध आणि थोडी वरई, बस्स. देवीपुढे उभं राहून दिव्यात तेल घालायचं. देवीचा कोप टळायला हवा, ठकूबाईचंही चूक कसं म्हणू? तिला नात नाहीतर नातू हवाय, म्हणून ती स्वतःही उपाशी आहे.

आज तुळसाला एकटीला गाठून विचारलं, "गो, तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुमचं चित्तर पुरं झालं का?"

"झालं."

"मंग झालं तर."

तिचा चेहराही आता बदललाय. पापण्या सुजून डोळे बारीक झालेत, नाकाच्या बाजूला सावली पडायची तीच नाहीशी झालीय. बाकी उपासानेही अंग उतरलं नाही, उलट भरलंय. देवीची कृपाच म्हणायची. मला तेवढाच धीर आला.

महाड, १९ ऑक्टोबर

डॉक्टरांच्या ओट्यावर बसून लिहितोय. काहीतरी धरायला हवं म्हणून पेन्सिल धरलीय.

सकाळी तुळसा चुलीशी बसली होती. "मामंजी, दिसत नाय," एवढंच म्हणाली आणि कोसळली. डोळे वर गेले, दातखीळ बसली, सगळं अंग ताडताड उडायला लागलं. तोंडाला फेस, फेसाला रक्त. ठकूबाई तिचे पाय धरून किंचाळत होती, पाय थांबेनात. मी माझ्या जन्मात असं काही पाहिलेलं नाही. अंगातला जीव बाहेर फेकून द्यावा तसं शरीर उडत होतं.

रंगूबाई आली, बघितलं आणि दोन पावलं मागे सरली. "कुंभारनीचं घर फोडल्याचा कोप हाय ह्यो. माज्या हातचं काम नाय. हिनं फोडलं, हिलाच..."

"हिने नाही फोडलं!" मी असा ओरडलो की माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मी फोडलं! चित्रासाठी मी फोडलं!"

तुळसाचं शरीर त्याच वेळी ढिलं पडलं, मला वाटलं गेली. ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, अंगावर धावून येईल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मंग मी हिला नऊ दीस उपाशी ठिवली ती कशापायी?"

शेजारच्या पांडूने गाडी जुंपली. वाटेत गांधारी नदीला पाणी होतं, बैल बुजत होते. गाडीत तिला आणखी एक झटका आला. मी तिचं डोकं धरून होतो. इथे आल्यावर डॉक्टरांनी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, सुई टोचली आणि आम्हाला बाहेर काढलं.

२० ऑक्टोबर

डॉक्टर तरुण आहेत, बोलणं तुटक. हात पुसत बाहेर आले आणि विचारलं, "सूज कधीपासून?"

ठकूबाई म्हणाली, "सूज कसली? अंगानं भरली हुती."

मी बोलायला लागलो आणि थांबेना. गणपतीच्या आधी बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या गेल्या. गणपतीत अंगठी रुतली. मनगटावर दाबलं की खळगा पडायचा तो भरायचा नाही. डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. घट बसले तेव्हा पापण्या सुजल्या. पायाची पैंजणं मागच्या आठवड्यात सोडवली, तिथे वळ होता.

डॉक्टर बघतच राहिले. "तुम्हाला हे सगळं दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

त्यांनी सांगितलं, गर्भारपणात काही बायकांच्या अंगात विष साठतं, सूज हीच त्याची खूण. वेळेवर आणलं असतं तर बराच उपाय होता. कुंभारणीचं काय ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. "गाडगं फोडल्याने काही झालेलं नाही," म्हणाले, "आणि शाबूत ठेवून काही टळलंही नसतं."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गाडगं फोडल्याने झालं असतं तर ते एका दुपारचं पाप होतं. हे तर दोन महिने रोज भिंग लावून पाहत होतो. खोडून पुन्हा काढत होतो!

दुपारी मूल झालं. मुलगी. रडली नाही.

तुळसा शुद्धीवर नाही. ठकूबाईने बाळाला अंघोळ घातली, आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. पांडूने फावडं घेतलं. नदीच्या वरच्या अंगाला करंजाखाली पुरून आलो. वाटभर ती माझ्या हातांत होती. वजन असं नव्हतंच. तोंडावरचं फडकं वाऱ्याने उडायला लागलं तेव्हा मी ते दाबून धरलं.

२३ ऑक्टोबर

तुळसा शुद्धीवर आली. झटके थांबले. जीव वाचला म्हणतात डॉक्टर. पण तिला दिसत नाही! डोळे उघडे आहेत, चांगले काळेभोर, आणि मी समोर बसलो तर ती भिंतीशी बोलते. मी बोटं हलवून पाहिली. काही नाही. डॉक्टर म्हणतात या आजारात असं होतं, बहुतेक येईल नजर परत. बहुतेक!

सयाजी मुंबईहून आलाय. माझ्याशी बोलत नाही. बोलू नये.

तुळसाला बाळाचं सांगितलं. ती रडली नाही. हात पुढे करून चाचपत राहिली, जणू कोणी जवळच ठेवलंय.

२९ ऑक्टोबर

नजर आली! आधी उजेड, मग दार, मग माणसं. सयाजीने तिच्यापुढे कंदील धरला तर म्हणाली, "काच काळी झालीय, पुसा." सयाजी बाहेर जाऊन ढसाढसा रडला. मीही.

पण दुपारी तिने मला हाक मारली. आवाज एवढा बारीक की मला वाकावं लागलं.

"मामंजी, आत्याबाय सांगतात तुमी न्येली तिला. तुमच्या हातात हुती."

"हो गो."

"तुमाला तर समदं दिसतं. कशी हुती? मला सांगा."

खोटं सांगायला काय लागत होतं? गोरी होती, तुझ्यासारखी होती, म्हणून टाकता आलं असतं. तिच्या डोळ्यांकडे पाहून जमेना. म्हटलं, "तुळसा, मी फडकं बाजूला केलं नाही. माझा धीर झाला नाही. मी पाहिलं नाही तिला."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. तिला ते पटतच नव्हतं. सुरवंटाच्या पाठीवरचे ठिपके बघायला जो माणूस पावसात तिष्ठत बसतो, त्याने नात हातात असताना पाहिलं नाही, हे तिला खरंच वाटेना. मग तिने तोंड भिंतीकडे केलं.

नाते, ४ नोव्हेंबर

परवा घरी आलो. तुळसा माजघरात पडून असते. खाते, पिते, विचारलं तर बोलते. माझ्याशीही बोलते, हेच अवघड. मी रंगाची पेटी उघडलेली नाही. दिवाळी दारात आलीय, पण कोणी पणत्या काढल्या नाहीत.

आज जेवणं झाल्यावर ठकूबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात कोरे कागद आणि माझी पेन्सिल. या बाईने जन्मात माझ्या पेन्सिलीला हात लावला नव्हता.

"उटा," म्हणाली. "तिच्यापाशी चला. मी न्हाऊ घातली तिला, मी पायलीय. मी सांगते, तुमी काढा."

"मला न बघता येणार नाही गो."

"येईल. न यायला काय झालं? मी हाय ना."

तुळसाच्या अंथरुणाशी बसलो. ठकूबाई डोळे मिटून सांगायला लागली. कपाळ मोठं हुतं, सयाजीवानी. केस दाट, वले, कानापर्यंत. काढलं. तिने डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाली, "नाय. ही कुनाची बी असंल." दुसरा कागद. "नाक येवडं नव्हतं, बसकं हुतं जरासं. नाय, नाय, तसं नाय!" तिने माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या बोटाने कागदावर हनुवटीची वळणं दाखवली. तिसरा कागदही गेला. तुळसा उशीवरून मान उचलून बघत होती.

"व्हट?" तिने विचारलं.

"व्हट मिटल्यालं," ठकूबाई म्हणाली. "वरचा जरा पुडं. रुसल्यावानी. अन् डाव्या हाताची मूठ गालापाशी. मी सोडवाया गेले, सुटली नाय."

मी ओठ काढला. मूठ काढली. ठकूबाई वाकली. तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून बाजूला ठेवली.

"आता हात लावू नका," म्हणाली. "हीच."

तुळसा उठून बसली. भिंतीला टेकली आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या हिकडं."

मी कागद उचलून एका हाताने तिच्याकडे सरकवला, तशी ठकूबाई अंगावर खेकसली, "अवं, असं नव्हं! मानेखाली हात धरा!"

मी दुसरा हात खाली घातला, आणि तिला तुळसाच्या हातांत दिली.